दोन मजले, दोन संगणक आणि एक चुकलेलं निदान

बदलापुरात आमच्या घराच्या तळमजल्यावर माझ्या पत्नीचा दवाखाना आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मी सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहे. संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी येतो, तेव्हा खाली पेशंटची गर्दी असते. पेशंटच्या नोंदी, रिपोर्टचे स्कॅन, महिन्याचे हिशेब असं सगळं दवाखान्यातल्या संगणकात असतं. रात्री जेवणानंतर यातलं थोडं काम वरच्या लॅपटॉपवर करता यावं, पेनड्राइव्ह घेऊन जिने चढणं-उतरणं वाचावं, एवढीच आमची इच्छा होती. दोन्ही संगणकांवर इंटरनेट सुरळीत चालायचं. पण वरच्या लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडलं की खालचा संगणक दिसायचा नाही आणि खाली बसून पाहिलं तर वरचा दिसायचा नाही. एकाच घरात राहून अबोला धरलेल्या दोन भावांसारखी त्यांची गत होती.

एका रविवारी मी हे काम अंगावर घेतलं. ओळखीच्या दोघांना फोन केले, तीन-चार व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचा सल्ला जवळपास सारखाच होता: फायरवॉल बंद करा, शेअरिंगचा पासवर्ड काढून टाका आणि फोल्डरला ‘एव्हरीवन’, म्हणजे सगळ्यांसाठी, पूर्ण परवानगी द्या. खालच्या संगणकावर मी हे तिन्ही केलं. तरी वरून काही दिसेना. कंटाळून नाद सोडला आणि केलेले बदल पूर्ववत करायचे विसरून गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी आजीला घेऊन आलेला बारावीचा एक मुलगा दवाखान्यात बसला होता. गर्दी होती, म्हणून भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड घालून तो मोबाइलवर काहीतरी करत होता. नंबर लागल्यावर आत आला आणि त्याने मोबाइल पत्नीसमोर धरला. “मॅडम, हे तुमचंच आहे का? आजीचा रिपोर्ट मोबाइलमध्ये शोधत होतो, तर फाइल मॅनेजरमध्ये हे आलं.” पडद्यावर आमच्या दवाखान्याचा फोल्डर होता, नावासकट आणि वर्षासकट. मला वरच्या मजल्यावरून अख्खा रविवार घालवून जो दिसला नव्हता, तो बाकड्यावर बसलेल्या मुलाला सहज दिसत होता.

त्या फोल्डरमध्ये टीबीचे उपचार चालू असलेल्यांची यादी होती. त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आजाराविषयी तिने आईवडिलांखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलगा म्हणाला, “मी आत काही उघडलं नाही.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पण रविवारपासून शुक्रवारपर्यंत त्या बाकड्यावर आणखी कोण कोण बसून गेलं, ते मला कधीच कळणार नाही.

रात्री पत्नी फारसं बोलली नाही. एवढंच म्हणाली, “पेशंटला न तपासताच औषध दिलंस.”

तिचं खरं होतं. घरात दोन-तीन संगणक असलेली कुटुंबं आता अंबरनाथ-बदलापूरच्या प्रत्येक इमारतीत आहेत, आणि दवाखाना, दुकान किंवा शिकवणी घरूनच चालवणारेही पुष्कळ आहेत. म्हणून माझी चूक आणि तिची दुरुस्ती इथे क्रमाने सांगतो.

‘दिसत नाही’ हे लक्षण आहे

ओपीडीत येणारे अर्धे पेशंट ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात. अशक्तपणा रक्त कमी असल्याने येतो, थायरॉइडने येतो, मधुमेहाने येतो आणि झोप न झाल्यानेही येतो. सगळ्यांना एकच टॉनिक लिहून देणं सोपं असतं, पण ते निदान नसतं. ‘संगणक दिसत नाही’ ही तक्रारही तशीच आहे. तिच्यामागचा बिघाड तीनपैकी एका पातळीवर असतो.

पहिली पातळी रस्त्याची. एका संगणकाकडून निघालेला निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोचतो का? दुसरी पातळी हाकेची. रस्ता आहे, पण ‘मी इथे आहे’ अशी हाक दुसरा संगणक देतो का, आणि पहिला ती ऐकतो का? तिसरी पातळी दाराची. रस्ता आहे, हाकही ऐकू आली; आता दारात उभ्या असलेल्याला आत घेतलं जातं का?

मी केलेले तिन्ही उपाय दाराचे होते आणि आमचा बिघाड रस्त्यात होता. मोडलेल्या हाडाला अँटिबायोटिक दिल्यासारखं झालं. हाड तसंच राहिलं आणि दुष्परिणाम मात्र झाले.

आधी हकिगत विचारा

पेशंटला हात लावण्याआधी आपण विचारतो: कधीपासून? त्याआधी काय झालं होतं? संगणकाबाबतही हाच प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. पूर्वी दिसत होते आणि आता दिसत नाहीत, की कधीच दिसत नव्हते?

पावसाळ्यात वीज गेली-आली आणि त्यानंतर दिसेनासं झालं, तर राउटरने संगणकांना नवे क्रमांक वाटले असण्याची शक्यता असते. जुन्या क्रमांकावर बनवलेला शॉर्टकट मग चुकीच्या दारावर जातो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवता येतो. नवा राउटर बसवल्यानंतर दिसेनासं झालं, तर विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजून लपून बसलेली असू शकते. नवा अँटिव्हायरस टाकल्यानंतर झालं, तर त्याच्यासोबत त्याची स्वतःची फायरवॉल आलेली असते. घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल, तर त्याची सगळी ये-जा ऑफिसकडे वळलेली असू शकते आणि शेजारच्या खोलीतला प्रिंटरही त्याला परका होतो.

आमच्या बाबतीत पत्नीला आठवलं की काही वर्षांपूर्वी दोन्ही संगणक एकमेकांना दिसायचे. मग मला आठवलं की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वर वायफाय नीट येत नव्हतं, म्हणून मी आणखी एक राउटर विकत आणून वर बसवला होता. इंटरनेट कंपनीचा डबा खाली, माझा राउटर वर. निदान खरं तर इथेच झालं होतं. तपासणीने फक्त शिक्कामोर्तब केलं.

शहाड आणि विठ्ठलवाडी

उल्हासनगरच्या एका टोकाच्या लोकांना शहाड स्टेशन जवळचं, दुसऱ्या टोकाच्यांना विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर स्टेशन. शहर एकच आहे. पण शहाड कसारा मार्गावर येतं आणि विठ्ठलवाडी कर्जत मार्गावर. रेल्वेने एकीकडून दुसरीकडे जायचं तर कल्याणला येऊन गाडी बदलावी लागते. शहाडच्या फलाटावरची घोषणा विठ्ठलवाडीच्या फलाटावर कधीच ऐकू येत नाही.

दोन राउटर असलेल्या घरात हेच होतं. प्रत्येक राउटर आपला वेगळा मार्ग आखतो. खालच्या वायफायवरचे सगळे एका मार्गावर, वरच्यावरचे दुसऱ्या मार्गावर. ‘मी इथे आहे’ ही संगणकाची हाक म्हणजे फलाटावरची घोषणा. ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. इंटरनेट मात्र दोघांना मिळतं, कारण मुंबईची गाडी दोन्ही मार्गांवरून कल्याणमार्गेच जाते. म्हणून ‘दोन्हीकडे नेट चालू आहे, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकतो.

हे ओळखायला अर्धा मिनिट लागतो. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द सलग लिहून एंटर दाबायचं. येणाऱ्या ओळींमध्ये ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ एवढ्या दोनच पाहायच्या. पहिली संगणकाचा क्रमांक सांगते, दुसरी त्याच्या राउटरचा, म्हणजे त्याच्या कल्याणचा. दोन्ही संगणकांवर हे करून आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहायचे.

आकडे वाचायला पिनकोड आठवा. १९७२ साली आपल्याकडे पिनकोड आले. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांचे पिनकोड ४२१००१ ते ४२१००५ आहेत. सुरुवातीचे आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा, म्हणजे जवळचा शेजार. घरातल्या नेटवर्कमध्येही बहुधा पहिले तीन गट सारखे आणि शेवटचा गट वेगळा हवा. एक संगणक १९२.१६८.१.१२ आणि दुसरा १९२.१६८.१.१५ असेल, तर दोघे एका मार्गावर आहेत. आमचा खालचा निघाला १९२.१६८.१.१२ आणि वरचा १९२.१६८.०.१०५. तिसरा गट वेगळा होता. शहाड आणि विठ्ठलवाडी.

हे १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक इमारतीत १०१ नंबरचा फ्लॅट असावा, तसे ते घरोघरी सापडतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक घेऊन टाकला आहे असं समजावं. अशा वेळी केबल सैल आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, वायफाय अर्धवट जोडलेलं आहे का, ते आधी पाहावं.

रस्त्याचे आणखी दोन बिघाड नेहमी भेटतात. एक संगणक घरच्या वायफायवर आणि दुसरा कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो. किंवा एक ‘गेस्ट’ वायफायवर असतो. पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू नयेत, यासाठीच ते वायफाय बनवलेलं असतं, त्यामुळे तिथे दिसत नाही म्हणजे ते आपलं काम बरोबर करतं आहे.

आमचा उपाय साधा निघाला. माझ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय होता. तो निवडल्यावर राउटर स्वतःचा मार्ग आखणं थांबवतो आणि खालच्याच मार्गाचा फलाट वरपर्यंत वाढवतो. असा पर्याय नसलेल्या राउटरमध्ये दुसरी वाट आहे. आधी त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या डब्यापेक्षा वेगळा, पण त्याच मालिकेतला करायचा, मग त्याचं क्रमांक वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं आणि खालून आलेली केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ असं लिहिलेल्या खाचेत लावायची. डीएचसीपी बंद करायला विसरू नये. एकाच तारेवर दोन यंत्रं क्रमांक वाटू लागली, तर एका वॉर्डात दोन सिस्टरांनी एकमेकींना न विचारता खाटा वाटल्यासारखा गोंधळ होतो.

पिंग आणि सोनोग्राफी

रस्ता खुला झाला की नाही, हे तपासायला ‘पिंग’ नावाची छोटी आज्ञा आहे. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी तिला हे नाव दिलं. आमची सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते: ध्वनी पाठवायचा, आदळून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून जागा सोडून क्रमांक लिहिला की संगणक त्या पत्त्यावर छोटे निरोप पाठवतो आणि उत्तर किती वेळात आलं ते सांगतो.

आधी राउटरला पिंग करावं. तिथूनच उत्तर नसेल, तर दोष आपल्याच संगणकात किंवा त्याच्या जोडणीत आहे. राउटर उत्तर देतो, पण दुसरा संगणक देत नाही, असं झालं तर घाईने निष्कर्ष काढू नये. विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देतच नाही. चाचणी निगेटिव्ह, पण माणूस घरात आहे आणि दार उघडत नाही एवढंच, असंही असू शकतं. फॉल्स निगेटिव्ह आम्हाला रोज भेटतात.

म्हणून पुढची तपासणी जास्त विश्वासाची. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच दुसऱ्या संगणकाचा क्रमांक लिहून एंटर दाबायचं. फोल्डर उघडला, किंवा निदान नाव-पासवर्ड विचारला गेला, तर रस्ता ठीक आहे. यादीत तो संगणक दिसत नसला तरी काम होऊ शकतं. कित्येक घरांत दुरुस्ती इथेच थांबवता येते. त्या पत्त्याचा शॉर्टकट बनवायचा आणि राउटरमध्ये क्रमांक राखून ठेवायचा.

इथे मला माझ्या चुकीचा एक गमतीदार, आणि थोडा लाजिरवाणा, भाग कळला. माझा वरचा राउटर खालच्या डब्याला जोडलेला होता. अशा जोडणीत वरून खाली क्रमांक लिहून जाता येतं, खालून वर येता येत नाही. म्हणजे त्या रविवारी मी नुसता क्रमांक लिहून पाहिला असता, तरी फोल्डर उघडला असता. यादीत दिसणं आणि पोहोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माहीत नसल्याने मी दार तोडून ठेवलं.

संगणक लाजाळू का झाले?

राउटर सुधारल्यावर दोन्ही क्रमांक एका मालिकेत आले, तरी यादी रिकामीच. आता बिघाड हाकेच्या पातळीवर होता.

जुन्या विंडोजमध्ये घरातल्या संगणकांपैकी एक जण आपोआप मुकादम व्हायचा. तो बाकीच्यांची यादी ठेवायचा आणि विचारेल त्याला द्यायचा. ही पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर, फाइल देण्याघेण्याच्या फार जुन्या भाषेवर, उभी होती. त्या भाषेच्या अंमलबजावणीतल्या एका दोषातून १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ची साथ जगभर पसरली. एका संगणकातून शेजारच्या संगणकात ती माणसाने काहीही न उघडता जायची आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायची. दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लस टोचून घेतली नव्हती, ते सापडले. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या एक तृतीयांश ट्रस्टचं काम विस्कळीत झालं, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याने इथे जवळच, न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० पासून ही जुनी भाषा नव्या संगणकांवर मुळातच बसवली जात नाही. मुकादम गेला. २०१८ मध्ये ‘होमग्रुप’ नावाची सोयही काढून टाकली गेली. आता प्रत्येक संगणकाने स्वतः हाक द्यायची असते, आणि अनोळखी नेटवर्कवर त्याने गप्प बसावं हेच अपेक्षित आहे. गर्दीत लहान मूल आईच्या मागे लपतं, तसं. ते आजारी नसतं.

म्हणून त्याला सांगावं लागतं की हे आपलं घर आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ विभागात आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडल्या की ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय येतात. घरच्या नेटवर्कसाठी ‘प्रायव्हेट’ निवडायचं. रेल्वे स्टेशनवर, हॉटेलात, लॉजवर मात्र ‘पब्लिक’च राहू द्यायचं. मग ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये फक्त प्रायव्हेट विभागात ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करायचं. आमचं एवढ्यावर भागलं. कुणाचं भागलं नाही, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू आहे का ते पाहावं. हाक देण्याचं काम तिचं आहे. ती बंद पडली, की तो संगणक दुसऱ्यांना पाहू शकतो, पण स्वतः कुणाला दिसत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. दुकानातून एकसारखे तयार करून घेतलेल्या दोन संगणकांची नावंही कधी कधी एकच असतात. वॉर्डात एकाच नावाचे दोन पेशंट आले की आम्ही केसपेपरचा नंबर पाहतो. इथे नाव बदलून टाकणं जास्त सोपं.

एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा स्कॅनर तीच भाषा बोलत असेल, तर ते यंत्र बदलण्याचा विचार करावा. एका जुन्या यंत्रासाठी सगळ्या घराची लस उतरवू नये.

दार: किल्ली कुणाकडे?

आता यादीत खालचा संगणक दिसू लागला. क्लिक केल्यावर त्याने नाव आणि पासवर्ड विचारला. पत्नीने रोजचा चार आकडी पिन टाकला. नाही चालला. हा पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. दुसऱ्या संगणकावरून येताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्यांनी पासवर्ड ठेवलेलाच नाही त्यांनाही प्रवेश मिळत नाही, कारण विंडोज कोऱ्या पासवर्डने नेटवर्कवरून आत घेत नाही. बहुतेक लोक इथेच वैतागून ‘एव्हरीवन’चं बटण दाबतात.

त्याऐवजी आम्ही खालच्या संगणकावर फक्त याच कामासाठी एक वेगळं खातं उघडलं आणि त्याला लांब पासवर्ड दिला. ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही ठिकाणी हिशेबाच्या फोल्डरवर त्या खात्याला लिहिण्याची परवानगी दिली आणि रिपोर्टच्या फोल्डरवर फक्त वाचण्याची. या दोन्ही ठिकाणांची परवानगी लागते आणि दोन्हींत जी कडक असेल ती चालते. इमारतीचा वॉचमन सोडतो, पण फ्लॅटचं दार बंद असतं, तसं. टीबीची यादी शेअर केलेल्या फोल्डरमधून काढली. ती वरून पाहण्याची गरज आम्हाला कधीच नव्हती.

बरं झाल्यावरची तपासणी

उपचार संपले की पुन्हा तपासायचं असतं. आम्ही फायरवॉल चालू केली आणि पेशंटसाठी खालच्या डब्यावर ‘गेस्ट’ वायफाय वेगळं केलं. भिंतीवरचा जुना कागद फाडला आणि मुख्य वायफायचा पासवर्डही बदलला, कारण तो वर्षभर भिंतीवर होता. मग मी स्वतः बाकड्यावर बसलो, मोबाइल गेस्ट वायफायला जोडला आणि त्या मुलाने केलं होतं तेच करून पाहिलं. काही दिसलं नाही. वर जाऊन लॅपटॉप उघडला, फोल्डर दिसला. दोन्ही चाचण्या हव्या होत्या: ज्याला दिसायला हवं त्याला दिसतंय, आणि ज्याला दिसायला नको त्याला दिसत नाही. त्या रविवारी मी पहिलीच चाचणी करत राहिलो होतो.

मोठ्या संस्थांचंही याहून वेगळं नसतं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि पुढचे अनेक दिवस तिथली नोंदणी हाताने कागदावर करावी लागली. नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते, हे कारण सरकारने नंतर संसदेत सांगितलं. बाकड्याचं वायफाय आणि नोंदींचं नेटवर्क वेगळं ठेवणं, हे त्याचंच घरगुती रूप.

डॉक्टरांसाठी ही कायद्याचीही बाब आहे. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे आणि एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. शिकवणी घेणाऱ्यांकडे मुलांची माहिती असते, हिशेब लिहिणाऱ्यांकडे लोकांचे पॅन आणि आधार असतात. जबाबदारी त्यांचीही तेवढीच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पुढच्या पंधरा दिवसांत त्या यादीतले पेशंट औषधासाठी आले, तेव्हा पत्नीने प्रत्येकाला एकट्याला आत बोलावून घडलेला प्रकार सांगितला. मी म्हटलं होतं की कुणी पाहिलं असेलच असं नाही, उगाच कशाला घाबरवायचं. ती म्हणाली, “नाव त्यांचं आहे, ठरवणारे आपण कोण?” बहुतेकांनी ऐकून घेतलं. एक जण चिडला, आणि त्याचं चिडणं योग्यच होतं. लग्न ठरलेली मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, “आता बंद केलंय ना, मॅडम?”

खालच्या कीबोर्डशेजारी मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. एक, काय बदललं ते आठवा. दोन, दोन्ही क्रमांक लिहून काढा. तीन, क्रमांक लिहून उघडून पाहा. चार, पब्लिक की प्रायव्हेट ते पाहा. पाच, मग पासवर्ड आणि परवानगी. खाली पत्नीने तिच्या अक्षरात सहावी ओळ जोडली आहे: फायरवॉलला हात लावण्याआधी मला विचारा.